दिव्यांग प्रमाणपत्र मिळालं, आता कामाचं काय?

गेली काही वर्षं ‘दिव्यांग प्रमाणपत्र’ हे शब्द बातमीत आले की मागोमाग ‘बोगस’ येतंच. २०२४ मध्ये पुण्यात एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रावरून गदारोळ झाला, आणि पुढे राज्यात सरकारी व जिल्हा परिषदांच्या कर्मचाऱ्यांची प्रमाणपत्रं पुन्हा तपासायला घेतली गेली. तपासणी व्हायलाच हवी. खोटा कागद घेऊन बसलेला माणूस शेवटी एका खऱ्या दिव्यांगाचीच जागा अडवून बसलेला असतो. पण ज्याचा कागद खरा आहे, त्याचं पुढे काय होतं, हे या धुरळ्यात कुणी विचारलं नाही. सोलापूरच्या सिव्हिल हॉस्पिटलमधून एखादा पोरगा प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडतो. त्यावर टक्के असतात, सही-शिक्का असतो. काम कुठे आणि कसं मिळेल, यावर एक अक्षर नसतं.

ते सांगणारी, आणि मिळवून देणारी, एक सेवा आहे. तिचं सरकारी नाव व्यावसायिक पुनर्वसन. दिव्यांग माणसाला काय काम जमेल ते शोधणं, ते शिकवणं, मालकाशी गाठ घालून देणं आणि रुजू झाल्यावरही काही काळ पाठीशी राहणं, एवढा सगळा तिचा पसारा. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९८३ मध्ये या विषयावर एक करार केला. त्यात या सेवेचा हेतू तीन गोष्टींत सांगितला आहे: काम मिळवणं, ते टिकवणं आणि त्यात पुढे जाणं. आपल्याकडे बहुतेक योजना आणि बहुतेक फोटो पहिल्या गोष्टीपाशी संपतात. उरलेल्या दोन गोष्टींसाठीच हा लेख लिहावासा वाटला.

## प्रमाणपत्रावरचे टक्के काय मोजतात?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा. त्याने दिव्यांगत्वाचे प्रकार आधीच्या ७ वरून २१ केले. पूर्वी यादीतच नसलेले थॅलेसेमिया, पार्किन्सन, ॲसिड हल्ल्यातून वाचलेले, स्वमग्नता हे सगळे त्यात आले. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर आरक्षण आणि बहुतेक सवलती लागू होतात. ओळखपत्रावर म्हणजे यूडीआयडी कार्डावर रंगाची पट्टी असते: ४० च्या खाली पांढरी, ४० ते ७९ पिवळी, ८० आणि पुढे निळी.

हे टक्के काढताना डॉक्टर शरीराकडे बघतात. सांधा किती वाकतो, कानाला किती डेसिबलपासून ऐकू येतं, डोळ्याला किती अंतरावरचं दिसतं. म्हणजे काय गमावलं आहे, त्याचा हिशेब. सवलतीचं दार उघडायला तो लागतोच, त्याला पर्याय नाही. पण कामाच्या बाबतीत तो फारसा काही सांगत नाही. एकाला पोलिओमुळे डाव्या पायात ६० टक्के, दुसऱ्याला दोन्ही कानांनी ६० टक्के. आकडा तोच, पण शिलाई मशीनवर, टेलिफोनवर आणि फोर्कलिफ्टवर या दोघांचं गणित पूर्ण उलटं येईल.

हे आता न्यायालयानेही म्हटलं आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्या एका विद्यार्थ्याच्या एमबीबीएस प्रवेशाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की, नुसती टक्केवारी जास्त आहे म्हणून प्रवेश नाकारता येणार नाही. त्या विद्यार्थ्याला तो अभ्यासक्रम प्रत्यक्षात पूर्ण करता येईल का, हे दिव्यांगत्व तपासणाऱ्या मंडळाने बघून लिहिलं पाहिजे. डॉक्टरीच्या शिक्षणाला हा न्याय लागत असेल, तर टॉवेलची घडी घालण्याच्या कामाला का लागू नये?

## मग काय जमतं, ते कोण बघतं?

यासाठी केंद्र सरकारच्या कामगार खात्याची खास केंद्रं आहेत. पूर्वी त्यांना व्यावसायिक पुनर्वसन केंद्र म्हणत, आता दिव्यांगांसाठीचं राष्ट्रीय करिअर सेवा केंद्र असं लांबलचक नाव आहे. पहिली दोन १९६८ मध्ये मुंबई आणि हैदराबादला सुरू झाली. सोलापूरकराला सवयीने मुंबईच आठवते, रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेस आणि सकाळी सायनचं केंद्र. पण अंतर बघितलं तर हैदराबाद जवळ पडतं, आणि शहराच्या पूर्व भागातल्या ज्या घरांत आजही तेलुगू बोलतात त्यांना तिथे भाषेचीही अडचण नाही. हा साधा सल्ला द्यायचं कुणाला सुचत नाही, याचं नवल वाटतं.

तिथे मूल्यमापन होतं. समुपदेशक, मानसशास्त्राची माहितगार व्यक्ती आणि निरनिराळ्या कामांचे निदेशक मिळून बघतात की या माणसाचा हात कुठे चालतो, किती वेळ बसवतं, सूचना ऐकून समजतात की दाखवाव्या लागतात, आणि मुख्य म्हणजे त्याला स्वतःला काय आवडतं. कार्यशाळेत खरं काम हातात देऊन बघतात. मग घरची परिस्थिती, येण्याजाण्याची सोय, शिक्षण.

आपलं शहर युनिफॉर्म शिवणाऱ्यांचं आहे, म्हणून इथे हे समजावणं सोपं जातं. तयार मापाचा शर्ट बहुतेकांना बसतो. ज्याला बसत नाही, त्याचे खांदे कुणी छाटत नाही. बाही कमी करतात, शिवण उसवून सोडतात. पुनर्वसनात नोकरीची शिवण अशीच उसवायची असते.

## नोकरीची शिवण उसवायची म्हणजे प्रत्यक्षात काय?

एक उदाहरण घेऊ. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे, पॅकिंगला माणूस हवाय. काम काय? टॉवेल तपासायचा, घडी घालायची, डझन मोजायचं, पिशवीत भरायचं, वर लेबल लावायचं. आता एका तरुणाला बौद्धिक दिव्यांगत्व आहे. त्याची घडी कुणापेक्षाही सरळ पडते, पण मोजताना आठ-नऊच्या पुढे गोंधळ होतो. मालक म्हणणार, मोजता येत नाही म्हणजे पॅकिंग येत नाही. जाणकार माणूस एक लाकडी खोका करून आणेल, बारा कप्प्यांचा. प्रत्येक कप्प्यात एक टॉवेल. खोका भरला की डझन झालं. लेबलचं काम शेजारच्या बाईकडे, तिच्या वाटणीची घडी याच्याकडे.

या खोक्याला कायद्यात नाव आहे, वाजवी सोय. दिव्यांग माणसाला इतरांच्या बरोबरीने काम करता यावं म्हणून कामात किंवा जागेत केलेला आवश्यक बदल. अट एकच, त्याचा बोजा अवाजवी नसावा. सरकारी कार्यालयांना तो करून देणं बंधनकारक आहे, आणि अशी सोय नाकारणं हा कायद्याने भेदभाव ठरतो.

पहिले काही आठवडे त्या तरुणाशेजारी एक प्रशिक्षित माणूस उभा राहतो, त्याला जॉब कोच म्हणतात. तो काम शिकवतो, डबा कुठे ठेवायचा, मुकादम ओरडला तर काय करायचं, पगाराच्या दिवशी सही कुठे करायची हे दाखवतो, आणि हळूहळू बाजूला होतो. या एका माणसामुळे नोकरी टिकते की सुटते हे बऱ्याचदा ठरतं. नेमकं यालाच आपल्या योजनांत सर्वांत कमी पैसे मिळतात.

कर्णबधिर मुलीचं उदाहरण तर याहून सोपं. यंत्रमागाच्या खात्यात खडखडाट एवढा असतो की कान धड असलेलेसुद्धा हातवाऱ्यांनीच बोलतात. तिथे तिला लागेल ती धोक्याची सूचना देणारा एक लाल दिवा, भोंग्याच्या जोडीला. गारमेंटमध्ये असेल तर नमुन्याचा एक पीस समोर टांगून ठेवायचा.

आणि पायाने अधू असलेली बाई घरी सूप मांडीवर घेऊन विड्या वळते, याचं सोलापुरात कुणाला नवल वाटत नाही. तिला कुणी सोय करून दिली नाही. काम मुळातच बसून करायचं, घरी करायचं, हजार विड्यांवर मजुरी मिळणारं होतं, म्हणून ते जुळलं. पण पुढे जाण्याचं काय? वीस वर्षांनीही हजारावरच. तिला दहावीनंतर संगणकाचं शिक्षण मिळालं असतं तर, हा प्रश्न विचारायची वेळ कधी आलीच नाही.

## “पण शिकवतात काय? मेणबत्त्या आणि खडू!”

हा आक्षेप मला निम्मा मान्य आहे. कितीतरी ठिकाणी दिव्यांगांचं प्रशिक्षण म्हणजे अजूनही मेणबत्त्या, खडू, पाकिटं आणि दिवाळीच्या रंगवलेल्या पणत्या. आठवडाभर प्रदर्शन, कौतुक, मग वर्षभर काही नाही. ज्या मालाला बाजार नाही तो करायला शिकवणं म्हणजे माणसाला गुंतवून ठेवणं.

पण सगळीकडे तसं नाही. मिरजेला राज्य सरकारचं प्रौढ दिव्यांगांसाठीचं प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे संगणक आणि मोटार रिवाइंडिंग शिकवतात, राहण्या-जेवणाची सोय सरकारी. मोटार रिवाइंडिंगला आपल्या जिल्ह्यात मरण नाही, विहिरी आणि बोअर आहेत तोवर पंप जळत राहणार. विजापूर रोडच्या आयटीआयमध्येही दिव्यांगांसाठी राखीव जागा असतात. अंध किंवा कमी दिसणाऱ्यांसाठी पडद्यावरचं वाचून दाखवणारं एनव्हीडीए हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि मराठीही वाचतं. ते शिकलेल्याला कार्यालयीन काम, ग्राहक सेवा, हिशेब हे सगळं खुलं होतं.

प्रशिक्षण निवडताना एकच विचारा: हे शिकून गेल्या वर्षी कुणाला कुठे काम लागलं? उत्तर देताना समोरचा छताकडे बघायला लागला तर दुसरीकडे चला.

## “धडधाकट पोरंच पुण्याला निघालीत, यांना कोण घेणार?”

खरं आहे. कापड गिरण्यांपैकी ‘जुनी मिल’ गेली, लक्ष्मी-विष्णू गेली, आणि तेव्हापासून हे शहर पोरांना गाडीत बसवून देतंय. पण म्हणूनच दिव्यांग तरुणाला सोलापुरात काम मिळणं जास्त गरजेचं आहे. दुसऱ्याला हडपसरला खोलीत चौघांत राहून जमतं, याला कदाचित नाही.

आणि ज्या मालकांना घडी, चेकिंग, धागे कापणं, काजे-बटण यांना टिकणारी माणसं मिळत नाहीत, त्यांची तक्रार तरी काय असते? पोरं चार महिन्यांत सोडून जातात. ज्याला दुसरीकडे सहज काम मिळणार नाही तो सहसा सोडून जात नाही. हा युक्तिवाद मला फार आवडत नाही, त्यात माणसाच्या अडचणीचा फायदा घेतल्याचा वास येतो. पण मालकाशी बोलताना तोच चालतो, आणि पगार इतरांएवढाच ठरला असेल तर वापरायला हरकत नाही.

२०११ च्या जनगणनेत देशातल्या दिव्यांगांपैकी ३६ टक्के लोक काही ना काही काम करत होते. पुरुषांत ४७, बायकांत २३. म्हणजे अर्धी लढाई घराच्या उंबऱ्याच्या आतच आहे. मुलगी दिव्यांग असेल तर ‘घरी सुरक्षित आहे’ हे वाक्य तिच्या कितीतरी वर्षांवर झाकण ठेवतं.

## “उद्या मशिनीत हात गेला तर जबाबदारी कुणाची?”

जी इतर कामगाराच्या बाबतीत, तीच. १० किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्याला कर्मचारी राज्य विमा म्हणजे ईएसआय लागू होतो. साध्या कामगाराला त्यासाठी पगाराची मर्यादा महिना २१,००० रुपये आहे, दिव्यांग कामगाराला २५,०००.

खरं तर हा प्रश्न उलटा विचारायला हवा. मशिनीत हात जातो तो बहुतेकदा धडधाकट माणसाचाच, आणि त्यानंतर तो दिव्यांग होतो. वीस वर्षं माग चालवलेल्या माणसाची तीन बोटं गेली की नेहमीची गोष्ट घडते: मालक दवाखान्याचं बघतो, हातावर काही रक्कम ठेवतो, आणि माणूस घरी बसतो. तिथे ‘टिकवणं’ आठवायला हवं. त्या माणसाला नुसत्या आवाजावरून कळतं की माग कुठे अडतोय. कापडावरून हात फिरवला की तुटलेला धागा सापडतो. त्याला चेकिंगवर घ्या, नव्या पोरांना शिकवायला ठेवा. बोटं गेली, वीस वर्षांची जाण कुठे गेली? सरकारी नोकरीत तर कायदाच सांगतो की, सेवेत असताना दिव्यांगत्व आलं तर काढता येणार नाही की पदावनती करता येणार नाही. योग्य जागा मिळेपर्यंत जादा पद निर्माण करून ठेवावं लागतं. खासगी कामगाराला हे कवच नाही.

ईएसआय असेल तर कायमच्या दिव्यांगत्वासाठी, कमाईची क्षमता जितकी गेली त्या प्रमाणात, महिन्याला रक्कम मिळते. ती पुन्हा कामावर गेल्याने बंद होत नाही. हे लक्षात ठेवा, कारण पुढचा आक्षेप याच्या बरोबर उलट आहे.

## “पगार सुरू झाला की पेन्शन जाईल”

हा सर्वांत खरा आक्षेप. तो अडाणीपणातून येतो असं समजणाऱ्या अधिकाऱ्यांनी एकदा हिशेब करून बघावा.

संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांना ऑक्टोबर २०२५ पासून महिना २,५०० रुपये मिळतात. अट अशी की कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न ५०,००० च्या आत हवं. म्हणजे महिन्याला साधारण ४,१६६ रुपये, अख्ख्या घराचे. आता पोराला ९,००० ची नोकरी लागली. वर्षाचे झाले १,०८,०००. मर्यादा कधीच ओलांडली. म्हणजे हातात खरी भर ६,५०० ची, आणि त्यातून रोजचं रिक्षाचं भाडं जाणार, कारण वेळेवर येणाऱ्या सिटी बसच्या भरवशावर इथे कुणी नोकरी धरत नाही.

एवढं करूनही घर तयार होईल, पण नोकरी किती दिवसांची? ऑर्डर संपली, कारखाना मंदीत गेला, पोराला जमलं नाही, तर पेन्शनसाठी पुन्हा उत्पन्नाचा दाखला, पुन्हा अर्ज, पुन्हा तहसीलच्या चकरा. आईबाप म्हणतात, राहू दे. त्यांच्या जागी तुम्ही-आम्ही असतो तर तेच म्हणालो असतो.

माझं मत विचाराल तर नोकरी लागल्यावर निदान दोन वर्षं पेन्शन चालू ठेवावी आणि मग पगार बघून हळूहळू कमी करावी. ईएसआयची रक्कम काम केल्याने बुडत नाही, मग हीच का बुडावी? तोवर समुपदेशकाने एवढं तरी करावं: घरच्यांसोबत बसून दोन्ही बाजूंचे आकडे कागदावर मांडावेत. भविष्य निर्वाह निधी, विम्याचा दवाखाना, पुढची पगारवाढ हेही त्यात धरावं. कुठे नोकरीचं पारडं जड होईल, कुठे खरंच होणार नाही. जिथे होणार नाही तिथे ‘आत्मनिर्भर व्हा’ म्हणून भाषण देऊ नये.

स्वतःचा धंदा हा एक मधला मार्ग. राज्याचं दिव्यांग वित्त व विकास महामंडळ आणि केंद्राचं महामंडळ त्यासाठी कर्ज देतात. राज्याने बॅटरीवरच्या फिरत्या दुकानांची योजनाही आणली. पण पेन्शनची उत्पन्नाची अट तिथेही सुटत नाही, आणि दुकान चालवणं हे प्रत्येकाच्या स्वभावात नसतं. दिव्यांग म्हटलं की झेरॉक्सचं दुकान किंवा पानटपरी, हा आपला ठरलेला साचा आहे.

## “सरकारी नोकरीत ४ टक्के आहेत ना, त्याचीच वाट बघू”

बघा, पण नुसती वाट बघू नका. ते ४ टक्के चार गटांत वाटले आहेत: दृष्टीचे १, श्रवणाचे १, हातापायाचे व तत्सम १, आणि स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व, मानसिक आजार, बहुविकलांगता यांना मिळून १. जाहिरात निघाली तर, आणि पद त्या गटासाठी योग्य ठरवलेलं असेल तर. खासगी क्षेत्रात आरक्षण नाही. तिथे निदान ५ टक्के दिव्यांग कामगार असावेत म्हणून सरकारने मालकांना प्रोत्साहन द्यावं, एवढंच कायदा म्हणतो. समान संधीचं धोरण मात्र त्यांनाही जाहीर करावं लागतं. मुलाखतीच्या आधी ते मागून बघा. बहुतेक ठिकाणी असं काही असतं हे तुमच्याकडूनच कळेल.

## सोलापुरात सुरुवात कुठून?

यूडीआयडी नसेल तर आधी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज, मग सिव्हिलमध्ये तपासणी. त्यानंतर राज्याच्या महास्वयम पोर्टलवर बेरोजगार म्हणून नोंदणी, आणि नोंदवताना दिव्यांगत्वाचा रकाना भरायला विसरू नका. पोर्टलवरच थांबू नका, जिल्हा कौशल्य विकास व रोजगार केंद्रात जाऊन तोंड दाखवून या. महापालिका, जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायत यांना स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. साधनासाठी, प्रशिक्षणासाठी त्यातून काय मिळतं हे लेखी विचारा. मिरज, मुंबई कुठेही मूल्यमापनाला किंवा शिकायला जायचं झालं तर एसटीत ७५ टक्के सवलत आहे.

सोबत एक कागद घरीच तयार करा. त्यावर आजाराचं नाव नको. किती वेळ सलग बसता येतं, किती किलो उचलता येतं, मोबाइल कसा वापरता, कुठल्या हाताने लिहिता, कोणती भाषा वाचता, कामाच्या जागी कोणता एक बदल लागेल. बारा कप्प्यांचा खोका, लाल दिवा, उंच स्टूल, तळमजल्यावरची जागा, जे असेल ते. मालक पाच मिनिटं देतो, त्यातली तीन ‘तुला झालंय काय’ यात जाऊ देऊ नका.

आणि सरकारी कार्यालयाने सोय नाकारली किंवा दिव्यांग म्हणून डावललं तर त्याच कार्यालयातल्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी द्या. तो नेमलेला असायलाच हवा. तिथे काही झालं नाही तर पुण्याला दिव्यांग आयुक्तांकडे दाद मागता येते. आयुक्तांनी शिफारस केली की संबंधित कार्यालयाला काय कारवाई केली ते तीन महिन्यांत कळवावं लागतं. अर्जाच्या पोचवर शिक्का आणि तारीख दोन्ही घ्या.